उन्हाळ्यातली गती : प्रस्तावना

लॅपटॉपबरोबर येणारी माहितीपुस्तिका सहसा कोणी वाचत नाही. तिच्या शेवटच्या पानांवर हे यंत्र किती तापमानाच्या हवेत चालवावे ते छापलेले असते. थिंकपॅडसारख्या बिझनेस लॅपटॉपसाठी ही मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. नांदेडात मार्चमध्येच दुपारचा पारा ३५ ओलांडतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो दुपारी खाली यायचे नाव घेत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंश ही बातमीसुद्धा होत नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तिथे थोडा दिलासा असतो, पण चाळिशी लातूरकरांनाही चुकत नाही. म्हणजे ज्या खोलीत एसी नाही, त्या खोलीतला लॅपटॉप आपल्याकडे वर्षातले दोन-अडीच महिने बनवणाऱ्याने आखून दिलेल्या हद्दीबाहेर चालतो. ही पुस्तिका त्या दोन-अडीच महिन्यांसाठी लिहिली आहे.

विषय ओव्हरक्लॉकिंगचा आहे आणि तो शब्द ऐकला की तरुण मुलांच्या डोळ्यांसमोर काही वेगळेच चित्र येते. २०११ साली एएमडीच्या एफएक्स मालिकेतल्या प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झची गती गाठून गिनीज बुकात नोंद मिळवली, ती द्रवरूप हेलियम ओतून. हेलियम उणे २६९ अंशांच्या आसपास उकळते. असे विक्रम काही मिनिटांचे असतात, आणि ते मोकळ्या टेबलावर उघड्या मदरबोर्डवर केले जातात. आपल्या पिशवीतल्या तेरा-चौदा इंची बिझनेस लॅपटॉपचा त्या खेळाशी फारसा संबंध नाही. प्रोसेसरची गती म्हणजे १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ गुणिले एक गुणक. इंटेलच्या ‘यू’ मालिकेतल्या प्रोसेसरांमध्ये, म्हणजे बहुतेक बारीक लॅपटॉपमध्ये, हा गुणक कारखान्यातच कुलूपबंद केलेला असतो. तो वाढवता येत नाही. ‘आय५ चार गिगाहर्ट्झवर नेऊन देतो’ असे कोणी दुकानात सांगितले, तर त्याच्याकडे लॅपटॉप ठेवून येऊ नये.

मग उरते काय? माझ्या मते खरे काम तिथूनच सुरू होते. यंत्र विकताना जी गती सांगितली गेली, ती मे महिन्यातल्या दुपारी, सलग दोन तास, टिकते का? बहुतेक वेळा टिकत नाही. ती टिकवणे हेच नांदेड-लातूरमधले ओव्हरक्लॉकिंग आहे, असे मी मानतो. ज्या गतीचे पैसे आपण मोजले ती आधी पुरती वसूल करावी.

हे समजण्यासाठी आतला व्यवहार जाणून घ्यावा लागतो. २०१७ साली आलेला कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर उदाहरणाला घेऊ. सेकंडहँड बाजारातल्या अनेक यंत्रांत तो सापडतो. त्याची मूळ गती १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोची कमाल गती ३.४ आणि ठरलेली वीज १५ वॅट. टर्बो ही सोय इंटेलने २००८ साली नेहालेम पिढीपासून आणली. काम अंगावर आले की प्रोसेसर काही सेकंद ठरलेल्यापेक्षा जास्त वीज खातो आणि वेगाने पळतो, मग लांब पल्ल्याच्या मर्यादेवर उतरतो. या दोन मर्यादांना दुरुस्तीच्या भाषेत अनुक्रमे पीएल-२ आणि पीएल-१ म्हणतात. थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलचे एक्सटीयू हे सॉफ्टवेअर वापरून काही यंत्रांत त्या वाढवता येतात. मुले इथेच घाई करतात. १५ वॅटचे २५ केले की पहिल्या मिनिटात आकडे छान दिसतात. पण चिपचे तापमान शंभर अंशांवर गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती खाली आणतो, मग तुम्ही मर्यादा कितीही ठेवा.

आता एक हिशोब मांडतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्यावर उभी आहेत. समजा, एका लॅपटॉपचा हीटसिंक आणि फॅन मिळून २५ अंशांच्या खोलीत २५ वॅट उष्णता बाहेर टाकतात आणि तेव्हा चिप बरोबर १०० अंशांवर थांबते. चिप आणि खोली यांत फरक ७५ अंशांचा. म्हणजे दर वॅटमागे ३ अंश. तोच लॅपटॉप मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत ठेवा. फरक उरला ५७ अंशांचा. तीनने भागले की १९ वॅट. यंत्रात काहीही बिघडलेले नाही, धूळ नाही, पेस्ट नवी आहे. तरी त्याची उष्णता टाकण्याची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटली. बेंगळुरूच्या थंड खोलीत बसून कोणी चाचणी घेतली आणि अमुक मर्यादा उत्तम चालते असे सांगितले, तर त्याचे म्हणणे त्याच्या खोलीपुरते खरे असते. आपल्याकडे ते जसेच्या तसे लावून चालत नाही. उलट बाजूनेही हाच हिशोब उपयोगी पडतो. साफसफाई, चांगली पेस्ट आणि मोकळा वारा यांमुळे दर वॅटमागचे ३ अंश अडीचवर आले, तर त्याच ४३ अंशांत जवळजवळ २३ वॅट टाकता येतात. गेलेल्या सहा वॅटांपैकी चार परत मिळाले, तेही एकही सेटिंग न बदलता. म्हणून या पुस्तिकेत थंडाव्याची प्रकरणे आधी आणि गतीची मागून येतात.

(उंचीवरची हवा विरळ असते, मग लातूरच्या फॅनला नांदेडपेक्षा जास्त फिरावे लागेल का, असा प्रश्न अभियांत्रिकीची मुले विचारतात. दोन्ही शहरांच्या उंचीत पावणेतीनशे मीटरच्या आसपास फरक आहे, त्यामुळे हवेच्या घनतेत तीनेक टक्क्यांचा फरक पडतो. लातूरची थोडी कमी उष्णता तो भरून काढते. त्याची काळजी करू नये.)

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. उन्हाळा आणि कामाचा भर एकाच वेळी येतात. लगीनसराई एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हाच लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचे लॅपटॉप रात्रंदिवस रेंडरिंग करत असतात. मार्चअखेरीस हिशोबनिसांच्या टेबलावर टॅली उघडलेली असते. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत आणि लातूरच्या बिडवे महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प याच महिन्यांत पूर्ण करायचे असतात. गावोगावच्या सेवा केंद्रांतले लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदच होत नाहीत. आणि ही यंत्रे नवी थोडीच असतात? मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून इकडे येतात. नांदेडहून रात्री रेल्वेत बसून सकाळी सिकंदराबादला उतरणे आपल्या लोकांना मुंबईपेक्षा जवळचे आहे. या यंत्रांबद्दल मला मनापासून आदर आहे. मजबूत बिजागऱ्या, स्क्रू काढले की उघडणारे झाकण, सुटे मिळणारे भाग आणि कंपनीनेच खुले ठेवलेले दुरुस्तीचे पुस्तक हे सगळे त्यांच्यात असते. कमी पैशांत शिकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगले यंत्र नाही. मात्र त्यांची पेस्ट वाळलेली असते आणि फॅनने आधीच्या मालकाच्या ऑफिसातली धूळ साठवलेली असते.

धुळीबद्दल इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली धूळ वेगळी आहे. लातूर डाळ मिलांचे गाव. तुरीच्या टरफलाची बारीक भुकटी मोंढ्याच्या परिसरात हवेत तरंगत असते. नांदेड आणि आसपासचा भाग कापसाचा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू वाऱ्याबरोबर सगळीकडे पोचतात. नुसती माती हीटसिंकच्या पात्यांमधून बरीचशी आरपार निघून जाते. तंतू मात्र पात्यांच्या तोंडाशी अडकतात, त्यांच्यावर भुकटी बसते आणि फॅन व पाती यांच्या मधोमध नमद्यासारखा एक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा बाहेरच्या जाळीतून दिसत नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो हलतो, पण निघत नाही. कधीकधी आणखी घट्ट बसतो. झाकण उघडून, फॅन सोडवून तो चिमट्याने किंवा ब्रशने काढावा लागतो. आणि ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडलेले पाते प्रमाणाबाहेर वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते. दुकानात हे सांगणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नका.

त्यानंतर पेस्ट. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता सुमारे ४००, हवेची ०.०२६, आणि बाजारातल्या पेस्टची साधारण ३ ते १२, एकक सगळ्यांचे तेच : दर मीटर, दर अंश वॅट. म्हणजे पेस्ट तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिचे काम चिप आणि तांबे यांच्यामधली हवा घालवण्यापुरते. म्हणून थर पातळ हवा. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होईल हा समज दुकानादुकानांत आहे आणि तो चुकीचा आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचे टोपण नसते, हीटसिंक थेट सिलिकॉनवर बसतो. तापणे-निवणे रोज चालू असते, त्यात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मधली जागा कोरडी पडते. पेस्ट बदलल्यावर आठ-दहा दिवस छान वाटते आणि दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न, ही तक्रार यामुळेच येते. त्यावर उपाय म्हणून घट्ट पेस्ट किंवा हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी, उष्णतेने मऊ होणारी पट्टी वापरावी. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरते आणि तिथेच राहते. आपल्याकडे तिची एक गंमत आहे : मे महिन्यात दुकानातच हवा ४२ अंशांची असते, त्यामुळे पट्टी लावण्याआधीच लिबलिबीत होते आणि वरचा प्लास्टिकचा कागद सोलताना फाटते. पाकिटासकट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली, की ती कडक होते आणि कागद सहज सुटतो. पाकीट बाहेर काढल्यावर पुसून कोरडे करून मगच फोडावे, म्हणजे पट्टीवर दव धरत नाही.

पेस्टच्या जागी लावायच्या द्रवधातूचे प्रकरण मी मुद्दाम घातलेले नाही. गॅलियमचा मिश्रधातू उष्णता उत्तम वाहतो, पण तो वीजही वाहतो, ॲल्युमिनियमला पोखरतो, आणि रोज पिशवीतून मोटरसायकलवर हिंदकळणाऱ्या यंत्रात तो जागेवर राहील याचा भरवसा नाही. एका थेंबात मदरबोर्ड जातो. ज्याच्याकडे दुसरा लॅपटॉप घ्यायला पैसे नाहीत त्याला हा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

काही यंत्रांत कंपनीनेच दोन प्रकारचे हीटसिंक केलेले असतात. थिंकपॅड टी४८० मध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर साधा हीटसिंक येतो, असेल तर दोन नळ्यांचा. दुसरा पहिल्या यंत्रात बसवता येतो आणि फरक जाणवतो. या नळ्या भरीव तांब्याच्या नसतात, हे मुलांना सांगितले की आश्चर्य वाटते. आतून पोकळ, हवा काढून थोडे पाणी भरलेली, आतल्या भिंतीला सच्छिद्र थर असलेली ती नळी असते. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, फॅनकडच्या टोकाला ती निवते आणि पाणी त्या थरातून परत येते. म्हणूनच नळी वाकवली किंवा चेपली की ती कामातून जाते. खालच्या झाकणाला थर्मल पॅड चिकटवून उष्णता झाकणात उतरवण्याचा प्रयोगही पुस्तिकेत दिला आहे, तो फक्त टेबलावर काम करणाऱ्यांसाठी. मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी तो करू नये, त्वचा भाजते. आणि वाकळीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांना पहिला उपाय फुकटचा आहे : खाली पाटी ठेवा आणि मागची बाजू दोन बोटे उचला.

आता खोली. या विषयावरच्या लिखाणात खोलीबद्दल कोणी काही लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या खोल्या थंड असतात. आपल्याकडे जुनी माळवदाची घरे होती. जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. भर दुपारी आत शिरले की अंग निवायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छपरे माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला, तो योग्यच होता. पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. जीव सुरक्षित झाले, पण खोल्या तापू लागल्या. पत्रा ऊन आले की तापतो आणि ऊन गेले की निवतो. स्लॅबचे तसे नाही. तो दुपारभर उष्णता पितो आणि काही तासांनी आत सोडू लागतो. त्यामुळे स्लॅबच्या खोलीत सूर्य मावळल्यावरही हवा निवत नाही. रेंडरिंग किंवा मोठे गणित लावायचे असेल तर पत्र्याखालच्या माणसाने रात्री नऊनंतर लावावे, स्लॅबखालच्या माणसाने पहाटे. एवढ्या बदलाने जे साधते ते महागड्या पेस्टनेही साधत नाही.

आणि कूलर. मराठवाड्यातला कूलर हे या विषयातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या गवतातून आलेली हवा २८-३० अंशांपर्यंत उतरू शकते. वरच्या हिशोबात ही हवा घाला : खोली ४२ वरून ३० वर आली की त्याच हीटसिंकला चार वॅट जास्त टाकता येतात. ओलसर हवेने लॅपटॉप खराब होईल ही भीती बरीचशी निराधार आहे, कारण चालू यंत्र हवेपेक्षा गरम असते आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. भीती आहे ती तुषारांची. बोअरचे पाणी क्षारांचे. झोतातून उडालेला बारीक थेंब सुकला की मदरबोर्डवर पांढरा डाग सोडतो, आणि तो डाग पावसाळ्याच्या दमट हवेत वीज वाहू लागतो. म्हणून कूलरचा झोत यंत्रावर सरळ घेऊ नये, खोली थंड होऊ द्यावी, खिडकी उघडी ठेवावी. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कूलरला पाणी ओतताना हात थांबतो हे मला माहीत आहे. त्या वर्षांसाठी पुढचे प्रकरण जास्त कामाचे आहे.

ते प्रकरण व्होल्टेजचे. प्रोसेसरची वीज ही गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज आठ टक्के कमी केले तर ०.९२ गुणिले ०.९२, म्हणजे ०.८५ च्या आसपास. गती तीच ठेवून पंधरा टक्के उष्णता कमी. पाणी नको, पेस्ट नको. हे फार सुंदर साधन होते. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा दोष जाहीर झाला : व्होल्टेज बदलण्याच्या याच वाटेने प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती फोडता येते, असे युरोपातल्या विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोस अद्ययावत करून ही वाट बंद केली. जुना बायोस परत टाकून ती उघडण्याची युक्ती काही यंत्रांत चालते. स्वतःच्या अभ्यासाच्या लॅपटॉपवर ज्याने त्याने ठरवावे. पण ज्या यंत्रावर गावाचे आधार क्रमांक आणि बँकखाती उघडली जातात, त्यावर ही युक्ती करू नये; त्या उष्णतेपेक्षा ती माहिती मोलाची आहे. तिथे विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करावी. टर्बो बंद होतो, गती मूळ आकड्यावर उतरते, पण ती दिवसभर एकसारखी राहते. फॉर्म भरण्याच्या कामाला तेवढे पुरते.

दुरुस्तीला आलेल्या यंत्रांपैकी काहींचा तर उष्णतेशी संबंधच नसतो. लॅपटॉप आठशे मेगाहर्ट्झवर अडकलेला असतो आणि आपण पेस्ट बदलत बसतो. डेलच्या यंत्रांत चार्जरच्या मधल्या बारीक पिनमधून ओळख पटवली जाते. ती पटली नाही तर यंत्र बॅटरी चार्ज करत नाही आणि गती पार खाली आणते. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर किंवा तुटलेली पिन हे कारण आधी तपासावे. व्होल्टेज कमी-जास्त होण्याची तक्रारही लोक करतात, पण चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्ट सहज झेलतो. तेवढ्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही.

बॅटरीबद्दल मात्र हयगय नको. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण चार्ज करून गरम ठेवली तर त्याहून लवकर. सतत चार्जरवर चालणाऱ्या यंत्रात चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी. बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये ही सोय कंपनीनेच दिलेली असते. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचे झाकण बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे. तिला टोचू नये, दाबून बसवू नये, त्या दिवशी दुसरे कोणतेही काम करू नये. झाकण उघडण्याआधी थिंकपॅडच्या बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो तो वापरावा. इतर यंत्रांत झाकण काढल्याबरोबर बॅटरीची पिन आधी सोडवावी. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. बसवताना त्या क्रमाने, काढताना उलट्या क्रमाने, आणि एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचे नाही. सगळे थोडे थोडे.

पुस्तिकेतले प्रत्येक प्रकरण मोजमापाच्या एका तक्त्याने सुरू होते. त्यात खोलीचे तापमान हा पहिला रकाना आहे, चिपचे तापमान दुसरा, किती वॅट ते तिसरा आणि दहा मिनिटांनंतरची गती चौथा. पहिला रकाना रिकामा ठेवून बाकीचे भरलेले तक्ते मला अनेक मुलांनी आणून दाखवले आहेत. त्यांतून काहीच कळत नाही. जानेवारीत पेस्ट बदलली आणि दहा अंश उतरले असे कोणी म्हणतो, तेव्हा ते पेस्टमुळे उतरले की थंडीमुळे, हे त्या रकान्याशिवाय कसे सांगणार? साधा भिंतीवरचा थर्मामीटर चालेल. तो लॅपटॉपच्या मागच्या जाळीपासून हातभर लांब, पंख्याच्या आणि कूलरच्या झोताबाहेर टांगावा, आणि आकडा लिहून घेतल्यावरच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा.